मान काळी पडते, पाळी लांबते: पीसीओएसमागे इन्सुलिनचा हात कसा असतो?

मान काळी दिसायला लागली की घरात पहिला संशय आंघोळीवर जातो. 'अगं, मान जरा नीट घासत जा.' मग बेसन-हळद होते, लिंबू होतं, कुणीतरी दगडाने घासायलाही सांगतं. मान लाल होते, आग होते, पण काळेपणा तसाच राहतो. राहणारच, कारण तो मळ नसतो.

मानेच्या मागे, काखेत, जांघेत जाडसर, मखमलीसारखी लागणारी काळपट त्वचा तयार होते, तिला डॉक्टर अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा तिचा अर्थ इतकाच असतो की रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरतंय आणि त्याने त्वचेच्या पेशी वाढायला लागल्या आहेत.

आता त्याच मुलीची पाळी दीड-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, पंचविशी आली तरी पिंपल्स जात नसतील, तर आपल्याकडे काय होतं? पिंपल्ससाठी स्किनवाल्या डॉक्टरांकडे, पाळीसाठी गायनॅककडे, केसांसाठी पार्लरमध्ये. आणि घरात बाबांची किंवा आजीची शुगरची फाईल वेगळीच. या सगळ्या गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या असू शकतात, हे सहसा कुणी तिला सांगत नाही.

त्या धाग्याचं नाव इन्सुलिन रेझिस्टन्स.

आधी नावातला घोळ निस्तरू

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नावात 'सिस्ट' आहे म्हणून अंडाशयात गाठी झाल्या, असं वाटतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की अनेक मुलींना पहिला प्रश्न हाच पडतो: ऑपरेशन करावं लागणार का?

त्या गाठी नसतात. प्रत्येक अंडाशयात पाण्याच्या छोट्या पिशव्या असतात आणि प्रत्येकीत एक अपरिपक्व बीज असतं. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढू लागतात, त्यातली साधारण एक पूर्ण पिकते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये पुष्कळ पिशव्या वाढायला सुरुवात करतात आणि अर्ध्या वाटेत थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या या थांबलेल्या पिशव्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळानेसुद्धा हे नाव दिशाभूल करणारं आहे आणि ते बदलायला हवं, असं म्हटलं होतं.

दुसरा घोळ पीसीओडी आणि पीसीओएसचा. 'पीसीओडी म्हणजे हलकं, पीसीओएस म्हणजे सिरीयस' असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये असे दोन वेगळे आजार नाहीत. पीसीओडी हा आपल्याकडे रुळलेला जुना शब्द आहे, बस.

निदानासाठी जगभर वापरले जाणारे निकष २००३ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅम शहरातल्या बैठकीत ठरले. अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याच्या खुणा (रक्तात किंवा अंगावर) आणि सोनोग्राफीत दिसणारी तशी अंडाशयं, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. २०२३ च्या सुधारित सूचनांनुसार प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते.

म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. किशोरवयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही अशा पुष्कळ पिशव्या दिसतात. म्हणून पहिली पाळी येऊन ८ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असं या सूचना सांगतात. दहावीतल्या मुलीच्या हातात 'पीसीओडी' लिहिलेला रिपोर्ट देऊन तिला घाबरवण्याआधी हे लक्षात घेतलं तर बरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते माहीतच नसतं.

'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह'

साखर आणि पुरुषी केस यांचा काहीतरी संबंध आहे, ही शंका शंभर वर्षं जुनी आहे. १९२१ मध्ये आशार आणि तिएर या दोन फ्रेंच डॉक्टरांनी मधुमेह आणि चेहऱ्यावर दाढीसारखे केस एकत्र असलेल्या स्त्रीचं वर्णन केलं. त्याला नाव पडलं 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह'. (नाव ठेवताना त्या बाईचा विचार कुणी केला नसावा.) योगायोग असा की त्याच वर्षी टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट इन्सुलिन वेगळं काढण्याच्या मागे लागले होते.

१९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी ७ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी बंद, काहींच्या अंगावर जादा केस, अंडाशयं मोठी झालेली. त्यांनी ऑपरेशन करून अंडाशयाचा त्रिकोणी तुकडा कापून काढला आणि पाळी परत सुरू झाली. तिथून पुढे हा 'अंडाशयाचा आजार' ठरला आणि साखरेचा धागा जवळजवळ सुटला.

तो पुन्हा हाती लागला १९८० मध्ये. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जितकं जास्त, तितके पुरुषी हॉर्मोनही जास्त, असं आढळलं. पुढे १९८९ मध्ये आंद्रेया डुनाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पीसीओएसमधला इन्सुलिन रेझिस्टन्स फक्त वजनामुळे नसतो. सारख्याच वजनाच्या दोन स्त्रिया घेतल्या तरी पीसीओएस असलेलीच्या शरीरात तो जास्त असतो.

बेल कोण ऐकतं, कोण ऐकत नाही

आता मुख्य गोष्ट. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पेशींच्या दारावर जाऊन बेल वाजवतं, दार उघडतं, साखर आत जाते. जेवणानंतरच्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये स्नायूंना ही बेल नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड काय करतं? आणखी इन्सुलिन सोडतं, बेल जोरात वाजवतं. दार उघडतं, साखर आत जाते, काम भागतं. पण इन्सुलिन रक्तातून सगळीकडे फिरतं. एका घरातल्या आजोबांना ऐकू यावं म्हणून पूर्ण सोसायटीत भोंगा लावल्यासारखं आहे हे. ज्यांना नीट ऐकू येतं, त्यांच्या कानठळ्या बसतात.

अंडाशयाला नीट ऐकू येतं. इथेच सगळी मेख आहे. स्नायू साखरेच्या बाबतीत इन्सुलिनला दाद देत नसतात, तेव्हाही अंडाशयातल्या हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी त्याला पुरेपूर प्रतिसाद देत असतात. या पेशींना मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून एलएच नावाचा निरोप येतो आणि त्या टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हॉर्मोन्स बनवतात. प्रत्येक बाईच्या शरीरात ती थोडी बनतातच, त्यात वावगं काही नाही. पण एलएचच्या जोडीला जास्तीचं इन्सुलिन आलं की उत्पादन वाढतं.

तिकडे लिव्हरमध्ये वेगळंच चाललेलं असतं. लिव्हर एक प्रथिन बनवतं, ते टेस्टोस्टेरॉनला पकडून ठेवतं. त्याचं नाव एसएचबीजी. पकडलेलं टेस्टोस्टेरॉन फारसं काही करू शकत नाही. इन्सुलिन वाढलं की लिव्हर हे प्रथिन कमी बनवतं. म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनतंय जास्त आणि त्याला पकडणारे कमी.

हे मोकळं टेस्टोस्टेरॉन हनुवटीवर केस आणतं आणि डोक्यावरचे विरळ करतं. पिंपल्सही त्याचेच. हॉर्मोन्सच्या या गडबडीत पिशव्यांची वाढ मधेच थांबते, बीज बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि ते नसलं की गर्भाशयाचं अस्तर वेळेवर गळून पडत नाही. ते साठत राहतं. म्हणून पाळी दोन महिने येत नाही आणि आली की थांबता थांबत नाही. अस्तर वर्षानुवर्षं असंच साठत राहिलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तरुण वयात हा कॅन्सर तसा कमीच होतो, पण ९० दिवसांहून जास्त पाळी आली नाही तर डॉक्टर दुर्लक्ष करू नका म्हणतात, ते यासाठी.

हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. पुरुषी हॉर्मोन्समुळे चरबी पोटाभोवती साठायला मदत होते आणि पोटावरची चरबी इन्सुलिन रेझिस्टन्स आणखी वाढवते. यात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या सख्ख्या भावांमध्येही इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त आढळतो. त्यांना अंडाशय नाही, म्हणून वेळेवर धोक्याची सूचना मिळत नाही, इतकंच.

'पण माझी शुगर तर नॉर्मल आहे'

हे वाक्य फार वेळा ऐकू येतं आणि ते बहुतेकदा खरंही असतं. उपाशीपोटी शुगर केली, ८८ आली, विषय संपला.

पण वरचा भोंगा आठवा. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवत असतं, तोवर साखरेचा रिपोर्ट चांगलाच येणार. साखर वाढलेली दिसते ती स्वादुपिंड दमायला लागल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षं रिपोर्टवर काहीच दिसत नाही. या काळात शरीर जी तक्रार करत असतं, ती मानेवर आणि पाळीच्या तारखांवर दिसते.

म्हणूनच २०२३ च्या सूचना सांगतात: पीसीओएसचं निदान झालं की वय आणि वजन काहीही असो, साखरेची तपासणी करा, आणि शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली. आपल्या लॅबमध्ये तिला जीटीटी म्हणतात. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ मध्ये आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, २०० किंवा वर असेल तर मधुमेह. उपाशीपोटी नॉर्मल असलेल्या काही मुली इथे पकडल्या जातात. जीटीटी शक्य नसेल तर उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीए१सी करता येते, पण त्या तितक्या काटेकोर नाहीत. पुढे दर १ ते ३ वर्षांनी तपासणी पुन्हा करायची, ती किती वेळाने हे तुमच्या इतर धोक्यांवरून ठरतं.

मग थेट इन्सुलिनच का मोजू नये? काही लॅब 'फास्टिंग इन्सुलिन' आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर आकडा पॅकेजमध्ये विकतात. संशोधनात तो वापरतात, पण एका व्यक्तीच्या उपचारासाठी ही मोजमापं पुरेशी अचूक नाहीत, म्हणून ती रोजच्या वापरात नकोत असं सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तो आकडा पाहून रात्रीची झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

'ती तर एवढी बारीक आहे'

पीसीओएस म्हणजे जाड मुलींचा आजार, हा समज डॉक्टरांच्या वेटिंग रूमपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे आहे. त्याचं नुकसान दोन्हीकडून होतं. जाड मुलीला तपासण्याआधीच 'वजन कमी कर' सांगून परत पाठवलं जातं आणि बारीक मुलीची कुणाला शंकाच येत नाही.

ऑस्ट्रेलियात इन्सुलिन रेझिस्टन्स मोजण्याच्या सगळ्यात काटेकोर पद्धतीने एक छोटा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वजन जास्त असलेल्या पीसीओएसच्या स्त्रियांपैकी ९५ टक्के जणींमध्ये तो आढळला. पण बारीक असलेल्यांमध्येही हे प्रमाण ७५ टक्के होतं. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, जरा कडक निकष लावले तर १०.७ टक्के. त्यातल्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या.

आपल्याकडे हे का दिसतं, याचं एक उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीराचा अभ्यास करत आहेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच आकडा सांगतो, आतली परिस्थिती वेगळी. स्नायू कमी, चरबी जास्त. स्नायू हेच साखरेचं मोठं गिऱ्हाईक, हे आपण वर पाहिलंच. शरीराची ही ठेवण जन्मापासूनच दिसते, असं पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांच्या अभ्यासातून पुढे आलं. तेव्हा 'तू कुठे जाड आहेस, तुला कसला पीसीओडी' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

मग गोळ्या कशासाठी?

पाळी नियमित करायला डॉक्टर बहुतेकदा गर्भनिरोधक गोळ्या देतात. घरात लगेच कुजबुज होते की लग्न न झालेल्या मुलीला या गोळ्या कशाला. त्या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर वेळेवर गळतं, टेस्टोस्टेरॉनला पकडणारं प्रथिन वाढतं, केस आणि पिंपल्स कमी होतात. त्यांना खलनायक ठरवण्याचं कारण नाही. फक्त गोळ्यांवर दर महिन्याला रक्तस्राव होतो म्हणजे मूळचं चक्र सुरू झालं असं नाही. इन्सुलिनचं गाऱ्हाणं तिथेच असतं. गोळ्या बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली की 'गोळ्यांनी बिघडवलं' असं वाटतं, खरं तर आधीचंच परत दिसायला लागलेलं असतं. मायग्रेन, रक्ताच्या गुठळ्या, ब्लड प्रेशर असा काही इतिहास असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

मेटफॉर्मिन मूळची मधुमेहाची गोळी. 'मला शुगर नाही, मग ही का?' असं केमिस्टकडेच अनेक जणी विचारतात. ती लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करते आणि शरीर इन्सुलिनला जरा बरा प्रतिसाद देऊ लागतं, म्हणून पीसीओएसमध्ये देतात. काहींची पाळी तिने सुधारते, वजनावर परिणाम झाला तर थोडाच. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून ती घेऊ नका.

मूल हवं असेल तेव्हा बीज बाहेर पडण्यासाठी आता पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होऊ शकतं, काहींना मदत लागते. याची दुसरी बाजूही माहीत हवी: पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, असं धरून चालू नका. आणि गर्भारपणात मधुमेहाचा धोका जास्त असतो, त्यामुळे पीसीओएस आहे हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. 'लग्न झालं की सगळं सुरळीत होतं' हा उपचार मात्र कुठल्याही सूचनेत सापडत नाही.

खायचं काय, सोडायचं काय

दूध सोडा, गहू सोडा, दोन्ही सोडा. रील्सवर रोज नवं काहीतरी सोडायला सांगतात आणि खाली पावडरची लिंक असते. पीसीओएससाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा चांगला, असा पुरावा नाही. जो आहार तुम्ही वर्षभर टिकवू शकाल आणि जो तुमच्या शरीराला मानवेल, तो चांगला.

आपल्या ताटाचा प्रश्न असा की त्यात पिठूळ पदार्थांची बेरीज फार होते. सकाळी चहा-खारी, मग पोहे, दुपारी पोळी-बटाटा-भात, चारला परत चहा-बिस्किट. उपास असेल तर साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे उलट जास्तच. भाकरी किंवा पोळी सोडायची गरज नाही. शेजारी उसळ, डाळ, अंडं, मासे, दही, कोशिंबीर यांचं प्रमाण वाढलं आणि भाताचा डोंगर जरा कमी झाला, तरी साखर हळू चढते.

व्यायामाबद्दल मात्र ठामपणे सांगता येतं. स्नायू हालचाल करत असतात तेव्हा ते इन्सुलिनच्या बेलची वाट न पाहताही साखर आत घेतात. म्हणजे ऐकू न येणाऱ्या आजोबांनी स्वतःहून दार उघडण्यासारखं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचा फायदा यातूनच येतो. सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा, म्हणजे वजनं उचलणं, उठाबशा, पुशअप्स असं काही सांगितलं आहे. मुलींनी वजनं उचलली की पुरुषी दिसतात, अशी भीती अजूनही दाखवली जाते. इथे पुरुषी हॉर्मोन कमी करण्याची वाट जिममधूनच जाते, ही त्यातली गंमत.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते. ७० किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. पण वजन तसंच राहिलं तरी व्यायामाचा फायदा इन्सुलिनला होतो, त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाणही जास्त असतं. सतत रडू येत असेल तर डॉक्टरांना हेही सांगायचं, ते आजाराबाहेरचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना

गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून घ्या. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर दोन पाळ्यांत ३५ दिवसांपेक्षा जास्त किंवा २१ पेक्षा कमी अंतर असेल, किंवा वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या आल्या असतील, तर ती अनियमित धरतात. घरात कुणाला मधुमेह आहे, कोणत्या वयात झाला, हेही लिहा. मान काळी असेल तर ओढणी बाजूला करून दाखवा, लाजू नका. आणि पाळीच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की विचारा, 'माझी जीटीटी करायची का?'

जीटीटीला जायच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, मुद्दाम भात-पोळी सोडायची नाही, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी, पाणी चालतं. ग्लुकोजचं पाणी भयंकर गोड लागतं आणि मळमळू शकतं. लिंबू पिळलेलं चालेल का, ते लॅबवाल्यांनाच विचारा. मधले दोन तास बसून काढायचे असतात, फिरायला जायचं नाही. फोन चार्ज करून न्या.